वेटिंग सतरा

उन्हाळ्याचे अर्ज भर थंडीत भरायचे असतात.
ग्वाल्हेरचं धुकं खिडकीला नाक लावून बसलेलं,
अंगावर आईची शाल, गुडघ्यांवर लॅपटॉप,
बशीत गजकचा चुरा.
त्यातला एक तीळ एमच्या बटणाखाली गेलाय,
तेव्हापासून मोमेंटम
नीट दाबल्याशिवाय उमटत नाही.

पहिलाच रकाना: नाव.
दहावीच्या मार्कशीटवर शितोळेत एक एच जास्त,
आधारवर नाही.
कुठली शितोळे बंगळुरूला धाडायची,
कुठली लष्करातच ठेवायची?

मग: संशोधन का करावंसं वाटतं? तीनशे शब्दांत.
लिहिलं, लहानपणापासून मला ताऱ्यांची ओढ.
खोडलं.
लहानपणी मला ओढ होती ती मामाच्या स्कूटरची.

खरं कारण असं, की आमच्या लॅबमध्ये
सोडियमचा एक दिवा आहे.
लावला की आधी गुलाबी होतो, ताप भरल्यासारखा,
पिवळा व्हायला दहा मिनिटं घेतो.
तेवढ्यात बाकीचे चहाला जाऊन येतात.
मी बसते.
गेल्या ऑक्टोबरात ग्रेटिंगमधून बघत होते,
एकच रेघ होती पिवळी.
स्क्रू केसभर फिरवला, श्वास धरला,
आणि तिच्या दोन झाल्या,
जत्रेत हात सोडून
जुळ्या बहिणी जराशा बाजूला व्हाव्यात तशा.
पुस्तकात होतं हे. माहीत होतं मला.
तरी कुणाला तरी सांगायलाच हवं होतं,
आणि खोलीत फक्त तोमरभैया, डबा खात.
"भैया, देखो, दो हैं!"
ते लोणच्याची फोड शोधत म्हणाले,
"हमेशा दो ही थीं, बेटा."

हे तीनशे शब्दांत कसं लिहू.

शिफारसपत्रासाठी भदौरिया सरांकडे गेले.
"तुम ही लिख लाओ. मैं साइन कर दूँगा."
म्हणून एका रात्री स्वतःला 'ती' म्हणत बसले.
ती कष्टाळू आहे. ती जिज्ञासू आहे.
ती अत्यंत बुद्धिमान
इथे कान तापले,
उठून पाणी प्यायले, परत आले, तसंच ठेवलं.
कोण ही बाई? हिला तर मीसुद्धा घेतली असती.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं,
बुद्धिमानवर आडवी रेघ मारली
आणि वर, बारीक अक्षरात, पेनानं लिहिलं:
दिवा तापेपर्यंत थांबते.
मग सही. मग शिक्का,
अर्धाच उठलेला.

अकरा अर्ज गेले.
धुकं गेलं, शाल ट्रंकेत गेली,
दुपारी रस्ता पांढरा दिसू लागला.
सात ठिकाणांहून काहीच नाही.
तीन जणांना खेद वाटला, तिघांना एकाच शब्दांत.
एकाकडून आलं: प्रतीक्षा यादी, क्रमांक सतरा.

बाबांना दाखवलं.
बाबा बावीस वर्षं स्टेशनात, आरक्षणाच्या खिडकीमागे.
मेल दोनदा वाचली, आणि चेहरा एकदम खुलला.
"सतरा? अगं, सतरा म्हणजे काहीच नाही!
होळी झाली की लोक धडाधड कॅन्सल करतात.
चार्ट लागेपर्यंत धीर धर."
मी सांगणार होते, बाबा, हे तसं नसतं,
इथे बर्थ बहात्तर नाहीत, आठ आहेत,
आणि आठवर बसलेले कुणी उतरत नाहीत.
पण ते आधीच आईला हाका मारत होते,
माळ्यावरची मधली बॅग काढ म्हणून,
तिची चेन बघायला हवी, म्हणून.

दुसऱ्या दिवशी लॅब रिकामी होती.
तोमरभैयांनी किल्ली दिली, का ते विचारलं नाही.
पडदे ओढले, बटण दाबलं,
स्टूल जवळ घेतलं.

गुलाबी.